पाण्यात हात कधी सोडायचा?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा, पहिली आठवण डब्याचीच निघते. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि काका-मामांपैकी कुणीतरी काठावरून ढकलून द्यायचं. काही दिवसांत डबा सुटायचा आणि पोरगं आपलं आपण हातपाय मारायला लागायचं.

आता अशी कल्पना करा की पाण्यात उतरणाऱ्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळलेले, उजवा हात छातीशी दुमडलेला, मान सावरायलाही दुसऱ्याचा हात लागतो. तिच्या पाठीला डबा बांधला तर ती कदाचित तरंगेल. पण ती पाण्यात काही शिकेल का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जलोपचाराचं, म्हणजे अ‍ॅक्वाटिक थेरपीचं, जवळपास सगळं शास्त्र समोर येतं. ज्यांना अनेक अवयवांच्या हालचालींची अडचण आहे, अशा मुलांना आणि मोठ्यांना पाण्यात उतरवून नेमकं काय साधतं? किती साधतं हे संशोधनाला खरोखर ठाऊक आहे? आणि तुमच्या घरात असं कुणी असेल तर पैसे आणि वेळ घालण्याआधी काय विचारायचं? एकेक करून पाहू.

आधी पाणी काय करतं ते पाहू

पहिली गोष्ट शाळेत शिकलेलीच आहे. पाणी आपल्याला वर ढकलतं. माणसाच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचितच कमी असते, त्यामुळे आपण तरंगतो, पण काठावर. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारा भार साधारण निम्मा होतो. छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर एक तृतीयांशाच्या आसपास उरतो, आणि मानेपर्यंत असेल तर जेमतेम एक दशांश. म्हणजे साठ किलोच्या माणसाला गळ्यापर्यंतच्या पाण्यात पायांवर फक्त पाच-सहा किलो पेलायचे असतात. जमिनीवर ज्याला उभंच राहता येत नाही, त्याला इथे उभं राहण्याचा अनुभव मिळू शकतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. जमिनीवर तोल गेला की सेकंदभरात माणूस खाली असतो. ज्याच्या मेंदूचे संदेश स्नायूंपर्यंत उशिरा किंवा वेडेवाकडे पोचतात, त्याला सावरायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून तो पडतो, आणि पडण्याच्या भीतीने हालचाल करणंच सोडून देतो. पाणी प्रत्येक हालचालीला विरोध करतं. वेग दुप्पट केला तर हा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे पाण्यात पडणंसुद्धा सावकाश होतं. तोल जातोय हे कळायला, त्यावर काहीतरी करून पाहायला, चुकलं तर परत करायला काही सेकंद मिळतात. आणि अगदी पडलंच तर गुडघा फुटत नाही.

तिसरी गोष्ट उष्णता. पाणी हवेच्या जवळपास पंचवीस पट जोरात उष्णता वाहून नेतं. पोहण्याच्या नेहमीच्या तलावात पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस असतं. भराभर पोहणाऱ्याला ते छान वाटतं, पण ज्याची हालचालच कमी आहे त्याचं अंग त्यात काही मिनिटांत गार पडतं. थंडीने ताठर स्नायू आणखी ताठरतात. म्हणून उपचारासाठीचं पाणी सहसा ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवतात.

चौथी गोष्ट दाब. पाणी छातीला सगळीकडून दाबतं. मानेपर्यंत पाण्यात बुडालेल्या मोठ्या माणसाच्या हातापायांतलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं, आणि श्वास घेण्याचं कष्ट सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. श्वसनाचे स्नायू दुबळे असतील तर मात्र हीच गोष्ट एका बाजूने व्यायाम ठरते आणि दुसऱ्या बाजूने धोका. याकडे पुढे परत येऊ.

मग ती मुलगी एका अंगावर का कलते?

उताणं तरंगून पाहिलंय कधी? बहुतेकांचे पाय हळूहळू खाली जातात. याचं कारण असं, की शरीराचा भार जिथे एकवटतो तो गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास असतो, आणि पाणी जिथून वर ढकलतं ते केंद्र छातीत, कारण हवेने भरलेली फुप्फुसं तिथे आहेत. ही दोन केंद्रं एकाच उभ्या रेषेत आली की शरीर स्थिर होतं. नसतील तर ती रेषेत येईपर्यंत ते फिरत राहतं.

आता आपल्या मुलीचा विचार करा. उजवा हात दुमडलेला, कंबर एका बाजूला ओढलेली. तिच्या शरीराचा आकारच दोन्ही बाजूंना सारखा नाही. त्यामुळे ती उताणी झाली की पाणी तिला एका अंगावर कलवतं. मान वळली की अंगही वळतं. एक हात पाण्याबाहेर आला की त्या बाजूचा तरंग कमी होतो आणि ती बाजू खाली जाते. यात तिचा दोष काहीच नाही, हे निव्वळ भौतिकशास्त्र आहे. पण तोंडात पाणी गेलं की तिला आणि काठावर उभ्या आईला वाटतं, ‘हिला हे जमणारच नाही.’

डब्याची अडचण इथे लक्षात येते. डबा तिला वर ठेवेल, पण तोल डबाच सांभाळेल. आपण कलतोय आणि डोकं जरा डावीकडे नेलं की सरळ होतो, हे तिच्या मेंदूला कधी समजणारच नाही. शिवाय डबा कधी थोडा कमी आधार देत नाही. तो असतो तेव्हा पूर्ण असतो आणि काढला की काहीच नसतं. धडधाकट पोराला ही उडी मारता येते. हिला आधार कणाकणाने कमी करणारं काहीतरी हवं. ते काम माणसाचा हात करू शकतो.

लंडनमधली एक शाळा

नेमका हाच विचार १९४९ साली लंडनच्या साउथगेट भागातल्या हॅलिविक या शाळेत सुरू झाला. ती शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलींची शाळा होती. तिथे मुलींना पोहायला शिकवणारे जेम्स मॅकमिलन पेशाने डॉक्टर नव्हते, द्रवपदार्थांच्या यामिकीतले इंजिनिअर होते. पाण्यात वस्तू स्थिर कशी राहते हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच ज्ञान त्यांनी वाकड्या, आखडलेल्या, असमान शरीरांना लावलं. त्यातून पुढे दहा टप्प्यांची एक पद्धत तयार झाली. तिला आज हॅलिविक पद्धत म्हणतात.

तिचे दोन नियम आजही पाळले जातात. एक, शिकणाऱ्याच्या अंगावर तरंगण्याचं कुठलंही साधन बांधायचं नाही. दोन, प्रत्येकासोबत एक शिकवणारा, पण सगळे मिळून गटात, खेळ आणि गाण्यांसकट. शिकणाऱ्याला ‘पेशंट’ न म्हणता ‘स्विमर’ म्हणायचं, हाही तिथलाच रिवाज.

दहा टप्पे इथे पाठ करायला नकोत, पण त्यांचा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात मनापासून होते. पाण्याशी ओळख करून घ्यायची आणि चेहरा पाण्याजवळ आला की फुंकर मारायची. साधी गोष्ट वाटते ना? पण पाणी तोंडावर आलं की आपण दचकून श्वास आत ओढतो, आणि तिथेच ठसका लागतो. फुंकर ही त्या सवयीला दिलेली उलटी सवय आहे. टेबल टेनिसचा चेंडू फुंकून पलीकडे न्यायचा, असले खेळ म्हणूनच असतात. ज्यांना ओठ मिटून फुंकता येत नाही त्यांना आवाज काढायला, गुणगुणायला सांगतात. श्वास बाहेर जातोय एवढं पुरे.

मग येतं फिरणं आवरायला शिकणं. डावी-उजवीकडे कलणं, उभ्याचं उताणं होणं आणि परत उभं राहणं, कूस बदलणं. शेवटी हे सगळं एकत्र करून, पुढे तोंडावर पडलो तरी अंग वळवून उताणं होता येणं आणि श्वास घेता येणं. पाण्यातली सुरक्षितता इथे आहे. वेगाने पोहता आलं नाही तरी चालेल, पण तोंड वर आणता आलं पाहिजे.

यानंतर पाणी आपल्याला वर ढकलतं हे स्वतःच्या अंगाने अनुभवायचं. तळाशी टाकलेली वस्तू उचलायला मूल खाली जायला बघतं आणि पाणी त्याला खाली जाऊच देत नाही. ‘मी बुडेन’ ही भीती इथे बऱ्यापैकी सुटते. मग निश्चल तरंगणं. त्यापुढच्या टप्प्यात शिकवणारा उताण्या पडलेल्या शिकणाऱ्याच्या डोक्यामागे उभा राहतो, त्याच्या खांद्यांखाली हातांनी पाणी घुसळत मागे सरकतो, आणि शिकणारा कुणाचाही स्पर्श नसताना त्या प्रवाहाबरोबर ओढला जातो. त्याला फक्त तोल सांभाळायचा असतो. स्वतः हात हलवून पुढे जाणं अगदी शेवटी येतं. आपण पोहण्याचे वर्ग जिथून सुरू करतो, तिथे ही पद्धत संपते.

या साऱ्या टप्प्यांत शिकवणाऱ्याचा हात कसा असतो हे मुद्दाम बघा. तळवा उघडा, बोटं सैल, पकड नाही. घट्ट धरलं तर शिकणाऱ्याला स्वतःचं कलणं जाणवतच नाही. आधी समोरासमोर, मग बाजूने, मग मागून. आधी पाठीखाली दोन तळवे, मग एक, मग दोन बोटं, मग नुसती जवळीक. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाबाबत हा प्रवास काही वर्षांचाही असू शकतो, आणि काहींच्या बाबतीत एक हात शेवटपर्यंत राहतो. तो राहिला म्हणून पद्धत फसली असं होत नाही. काल दोन तळवे लागत होते आणि आज एक पुरला, ही प्रगती मोजता येते.

पेटकरांची गोष्ट आणि आपली गोष्ट

मराठी वाचकाला इथे मुरलीकांत पेटकर आठवणारच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, उपचारांचा भाग म्हणून पोहू लागला, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण ती ऐकून कुणी आपल्या मुलाकडे बघत ‘मग याला का नाही जमणार?’ असं म्हटलं तर जरा थांबायला हवं. पेटकर बॉक्सर होते, त्यांचे खांदे-हात शाबूत होते, मानेवर आणि श्वासावर पूर्ण ताबा होता. ज्याचे चारही हातपाय आणि धड बाधित आहे, त्याच्यासाठी ध्येय वेगळं असणार. त्याने तोंडावर पाणी आल्यावर न घाबरता फुंकर मारली, तर ते त्याच्या मापाने मोठं यश आहे.

संशोधन काय सांगतं, आणि कुठे थांबतं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींची क्षमता सांगायला १९९७ पासून पाच पातळ्यांची एक मोजपट्टी वापरतात. पहिल्या पातळीवरचं मूल जवळपास सगळीकडे चालतं. चौथ्या पातळीवरचं बहुतेक वेळ व्हीलचेअरवर असतं. पाचव्या पातळीवर मान आणि धड सावरणंही कठीण असतं.

२०१५ साली तैवानमधल्या संशोधकांनी २४ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ११ जणांना पाण्यातली थेरपी मिळाली. शेवटी या गटाचे हालचालींच्या चाचणीतले गुण दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढले, आणि चौथ्या पातळीवरच्या मुलांमध्येही ही वाढ दिसली. शिवाय त्या मुलांना व्यायामात मजा जास्त आली. ही मजेची नोंद मला हलकी वाटत नाही. वर्षानुवर्षं रोज ताणले जाणारे स्नायू आणि रडारड यांत वाढलेल्या मुलाला एखादा व्यायाम हवाहवासा वाटणं, हे तो व्यायाम टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं.

पण चोवीस मुलं म्हणजे फार थोडी मुलं. या विषयातले बरेचसे अभ्यास असेच लहान आहेत, आणि पाचव्या पातळीवरच्या मुलांबद्दलचे तर फारच कमी. मोठ्यांचीही तीच कथा. पक्षाघातानंतरच्या पाण्यातल्या व्यायामांवरचा कोक्रेनचा आढावा २०११ साली आला, तेव्हा त्यात बसणारे फक्त चार प्रयोग होते, एकूण ९४ जणांचे. निष्कर्ष असा, की फायदा होतो किंवा होत नाही, यातलं काहीच ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

असं का? औषधाच्या प्रयोगात कुणाला खरी गोळी आणि कुणाला साखरेची हे लपवता येतं. पाण्यात आहोत की नाही हे कसं लपवणार? शिवाय गंभीर अपंगत्व असलेली दोन मुलं एकमेकांसारखी नसतात. एकाला आकडी येते, दुसऱ्याला गिळता येत नाही, तिसऱ्याचा कणा वळलेला असतो. सरासरी काढायची तरी कुणाची?

आणखी एक गोंधळ ध्येयाचा आहे. मॅकमिलन मुळात मुलींना पोहायला शिकवत होते. पुढे १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाड रागात्झला काम करताना त्यांनी याच तत्त्वांवर जमिनीवरच्या हालचाली सुधारण्यासाठीचे उपचारही बांधले. पाण्यात स्वतंत्र होणं आणि पाण्यातून जमिनीसाठी काही कमावणं ही दोन वेगळी ध्येयं आहेत. बहुतेक अभ्यास दुसरं ध्येय मोजतात, कारण ते मोजायला सोपं. पण एरवी सतत कुणाच्या ना कुणाच्या हातात असलेल्या मुलीला आठवड्यातून एकदा अर्धा मिनिट कुणीही न धरता पाण्यावर पडून राहता आलं, तर त्या अर्ध्या मिनिटाला ती चालायला लागली की नाही या फुटपट्टीने मोजायचं का? मला तसं वाटत नाही.

कुणी जपून, कुणी थांबून

पाणी सौम्य असलं तरी निरुपद्रवी नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उतरू नये असे काही प्रसंग:

– आकडी आटोक्यात नसेल तर. आटोक्यात असेल तरीही सोबतच्या माणसाला आकडीत काय करायचं ते माहीत हवं.
– मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारात श्वसनाची ताकद कमी झाली असेल, किंवा हृदयाचा त्रास असेल तर. वर सांगितलेला दाब इथे आठवा. अशांना छातीपेक्षा कमी खोलीपासून सुरुवात करतात.
– गळ्यात श्वासाची नळी असेल, किंवा पोटातली अन्नाची नळी नुकतीच बसवली असेल तर.
– ताप, जुलाब, उघडी जखम किंवा बसून-झोपून झालेले व्रण असतील तर.
– मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर. यात गरम पाण्याने लक्षणं तात्पुरती वाढू शकतात, म्हणून पाणी थोडं थंडच बरं.

आणि एक साधी गोष्ट. पाण्याच्या दाबामुळे लघवी जास्त होते. आधी बाथरूमला नेऊन आणा, नंतर प्यायला पाणी द्या. बाहेर येताना शरीराचं सगळं वजन एकदम परत येतं, चक्कर येऊ शकते. घाई करू नका. ओठ निळसर दिसले किंवा अंग कापायला लागलं तर खेळ कितीही रंगला असला तरी बाहेर.

उतरण्याआधी काय विचाराल?

मूल सहा वर्षांचं असतं तेव्हा आई त्याला कडेवर घेऊन शिडीने उतरते. ते सव्वीस वर्षांचं होतं तेव्हा आईची पाठ गेलेली असते. पाण्याची गरज तेव्हा कमी झालेली नसते, उलट सांधे आखडून दुखायला लागलेले असतात, म्हणून वाढलेलीच असते. पण आपल्याकडच्या सार्वजनिक तलावांत सहसा शिडी असते, उतार किंवा उचलून पाण्यात सोडणारी लिफ्ट नसते, आणि पाणी तापवलेलं नसतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ३० खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. पोहण्याचा तलाव हीसुद्धा खेळाचीच सुविधा आहे. तुमच्या नगरपालिकेत नवा तलाव होत असेल तर नकाशाच्या वेळीच उतार मागा. तलाव झाल्यावर तो फोडून उतार करणं महाग पडतं.

आणि कुणी ‘आम्ही हायड्रोथेरपी देतो’ म्हणालं, तर पैसे भरण्याआधी एकदा नुसते काठावर बसून पाहा आणि हे विचारा. पाणी किती अंशांचं आहे? पाण्यात माझ्या मुलासोबत पूर्ण वेळ एक माणूस असेल का, आणि तो काय शिकलेला आहे? श्वासापासून सुरुवात करता का? उतरवायची आणि बाहेर काढायची सोय काय? तीन महिन्यांनी नेमका कोणता बदल बघायचा, तो आजच लिहून ठेवू या का?

‘किती सेशनमध्ये चालेल?’ हा प्रश्न आईबापांच्या तोंडी येणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्याला जो माणूस ठाम आकडा देईल, त्याच्याकडे जाऊ नका. आजच्या संशोधनात असा आकडा कुठेही नाही.

त्याऐवजी शिकवणाऱ्याचे हात बघा. पहिल्या दिवशी ते कुठे होते आणि महिन्याभराने कुठे आहेत? ते हळूहळू सैल होत असतील, आणि मूल घाबरलेलं नसेल, तर पाण्यात काहीतरी घडतंय. ते हात वर्षभर तसेच घट्ट असतील, किंवा त्यांची जागा ट्यूबने घेतली असेल आणि शिकवणारा काठावर उभा राहून फोन बघत असेल, तर मूल गरम पाण्यात बसून परत येतंय. त्यातही सुख आहे, नाही असं नाही. पण मग थेरपीचे पैसे कशाला मोजायचे?